कमी दिसणारीचं काम

प्रिय ताईस,

नमस्कार, तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यालाही.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं. भाऊजींना सांग, अजून पडले-बिडले नाही.

ही डोंगरातली पायवाट इतकी लांब आहे की पुरी चालायला महिने लागतात, आणि माणसं ती निव्वळ हौसेने राखतात. कुणी गवत काढतं, कुणी झाडांवर खुणेचे पट्टे रंगवतं. आमची म्होरकी दातांची निवृत्त डॉक्टर आहे. ब्रश असा फिरवते, जणू झाडाची दाढच साफ करते आहे.

पट्टा रंगवून ती मला विचारायची, "मावशी, तिथून दिसतो?" मोतीबिंदूपायी घरी पाठवतील या भीतीने मी "दिसतो" म्हणायचे. तक्रार करू नये, हे शाळेतल्या सिस्टरांनी आपल्या अंगात किती मुरवलंय. मग काल ती म्हणाली, "चला, पट्ट्याकडे या." मी थेट काटेरी झुडपात शिरले.

वाटलं, आता गाशा गुंडाळा. ती माझ्या पदराचे काटे काढत म्हणाली, "अहो, जाड चष्मा बघूनच तुम्हाला घेतलं. तुम्हाला पट्टा दिसला, तर कुणीच वाट चुकणार नाही."

आता मी ठणकावून "नाही दिसत" म्हणते आणि ती हसत नवा पट्टा ओढते. फार कौतुक वाटतं गं या माणसांचं.

गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले? आपलं चालणं संपलं, असं तू म्हणालीस. पण इथे चढावर बसायला दगड मांडायचेत. ते कुठे हवेत, हे कुणालाच कळत नाही. सगळ्यांचे गुडघे धडधाकट.

पुढच्या वर्षी तुझा घेऊन ये.

वाट बघणारी,
तुझी धाकटी