माझ्या डोक्यावर तिचा हात

बाई, तुमच्या शाळेत मी तिसरीपर्यंत बसले, तेवढ्याच भांडवलावर हे लिहिते आहे. अक्षर पाहून तुम्ही ओळखलं असतं. माझा ळ अजून पोट पुढं काढून उभा राहतो. आधी चांगलं सांगते. माझी नात पत्रकार झाली. चंद्रपूरला असते, गळ्यात ओळखपत्र, हातात माईक, आणि सुटी मिळाली की स्कूटीवर एकटी पोंभुर्ण्याच्या रस्त्यानं गावाला येते. मोबाइलमध्ये तिचं तोंड दिसलं की मी चुलीवरचं उतरवून ठेवते आणि सगळ्या आळीला हाका मारते. सून म्हणते, "आत्याबाई, भाजी करपली." करपू दे म्हणते. आमच्या घरात बाईमाणसाचं नाव रेशनच्या कार्डाबाहेर कुठं छापून आलं होतं का आजवर? या आनंदानं मी फुगले होते बाई, आणि तुम्हाला हे लिहायचं कारणही तोच आनंद आहे.

तुमची एक सवय होती. धडा संपला की प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा, मगच सुटी. मी एकदा विचारलं, "बाई, सुटी कधी होईल?" सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. "हा प्रश्न नाही, ही घाई आहे. खरा आठवला की उठ," म्हणालात. पोरं निघून गेली, मी बसलेलीच. शेवटी विचारलं, मोहाची फुलं पहाटेच का गळतात, दुपारी का नाही. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, "मला माहीत नाही." मोठं माणूस असं म्हणू शकतं हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढं फारसं ऐकायला मिळालं नाही.

आणि तो दिवस. लढाई सुरू होती तेव्हा. जीपमधून एक पुढारी आला. आम्हाला पुढं बसवलं होतं, त्यानं हात वर केला की टाळ्या वाजवायच्या असं सरपंचानं शिकवून ठेवलं होतं. भाषण झालं आणि तुम्ही उभ्या राहिलात. निळं लुगडं होतं. "साहेब, माझा भाऊ लढाईवर आहे. दोन महिने पत्र नाही. कोणाला विचारायचं?" तो हसला. "बाई, देश मोठा का भाऊ मोठा?" आणि त्यानं हात वर केला. टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या. तुम्ही त्याच्याकडे नाही, आमच्याकडे पाहत होतात. महिनाभरात तुमची बदली सिरोंच्याकडे झाली, तुमची पत्र्याची पेटी बैलगाडीत चढताना मी पाहिली. आई म्हणाली, "इचारलं ना तिनं, भोगते आता." तुमच्या जागी कोणी आलंच नाही आणि माझी शाळा तिथंच संपली. पुढं कधीतरी कानावर आलं की तुम्ही तिकडंच तापानं गेलात. तुमच्या भावाचं काय झालं ते मला माहीत नाही. मी कोणाला विचारलंही नाही.

आता खरं सांगायचं ते सांगते. माझ्या दारासमोर एक घर आहे. तिथली बाई माझ्या लेकीच्या वयाची, मला मावशी म्हणते. उन्हाळ्यात आम्ही दोघी एकाच झाडाखाली मोह वेचतो. तिचा एकुलता पोरगा फौजेत होता. लहानपणी अर्धा तो माझ्याच चुलीवर वाढला, आंबाडीची भाजी मागून खायचा. सीमेवर लढाई झाली. मग टीव्हीवर सांगितलं, थांबली, जिंकलो. आमच्या चौकात पेढे वाटले, मीही खाल्ला. त्याच्या चौथ्या दिवशी पोरगा गेल्याची खबर आली. पेटी आली, झेंडा आला, गाड्या आल्या. कोणी म्हणालं गाडी दरीत पडली, कोणी म्हणालं गोळा लागला. कागदावर एवढंच होतं की कर्तव्यावर असताना. गर्दी पांगल्यावर ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, लढाई थांबली होती ना? मंग माहा पोट्टा चौथ्या दिवशी कसा गेला?" रडून नाही हो विचारलं. जसं कोणी विचारावं की बस किती वाजता येते, तसं.

मग विजयाच्या सभा घेत फिरणारा एक मोठा पुढारी तालुक्याला येणार असं ठरलं. विश्रामगृहावर पत्रकारांना बोलावलं होतं, त्यात माझी नातही. आदल्या दिवशी नात गावी आली तर समोरची बाई तिच्यापुढं बसली. "माय, एवढं त्याले विचारजो. माह्यानं त्याच्यापर्यंत पोचणं होत नाई." पोरीनं तिच्यासमोर वही उघडून प्रश्न लिहून घेतला. वाचून दाखवला. "बरोबर आहे ना काकू?" ती म्हणाली, "हो. असाच हाये."

सकाळी नात निघाली. मी डबा दिला आणि तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला. "तो प्रश्न विचारशील तं मी मेली समज."

"आजी, हे काय करून राह्यली तू?"

"तुले कुठी फेकतील ते माहीत हाये मले. बाकीचे हायेत ना विचारायले. तूच काऊन?"

आमच्यात डोक्यावरच्या हाताची शपथ मोडत नाहीत. ती शिकलेली, असल्या गोष्टींना हसणारी. त्या दिवशी हसली नाही. हात काढून घेतला आणि स्कूटी सुरू केली.

दुपारी समोरची मोबाइल घेऊन आली. पोराच्या सामानातून परत आलेला, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. विश्रामगृहावरचं थेट दाखवत होते. तिला लावता येत नाही, मला नातीनं शिकवलं आहे, म्हणून मी लावलं. दोघी भिंतीला टेकून बसलो. तेरा पत्रकार होते, मी मोजले. एकानं विचारलं, साहेब, एवढं काम करून थकत नाही का. एकानं विचारलं, आमच्याकडचा तांदूळ आवडला का. एकानं तर काही विचारलंच नाही, अभिनंदन केलं आणि बसला. एक म्हातारा पत्रकार चाचरत म्हणाला, "लढाईत आपलं नुकसान किती," तर पुढारी म्हणाला, "योग्य वेळी सगळं सांगितलं जाईल," आणि माईक पुढं सरकला. मग माईक माझ्या नातीपाशी आला. तिनं वही उघडली. वहीकडे पाहिलं. मग वही मिटून विचारलं, "साहेब, आमच्या जिल्ह्यातल्या तरुणांना काय संदेश द्याल?"

पुढारी खूष झाला. म्हणाला, या मातीनं देशाला वीर दिला आहे. त्याला बाजूच्यानं कानात नाव सांगितलं, तरी ते चुकीचंच घेतलं. टाळ्या वाजल्या.

समोरचीनं मोबाइल पदरानं पुसला. मग म्हणाली, "इसरली असल ते. एवढ्या मोठ्या लोकाइत घाबरते माणूस. तिले काही बोलू नको मावशी." आणि मी म्हटलं, "हो ना. इसरली असल."

नात आली. जेवली नाही, विश्रामगृहावर जेवण होतं म्हणाली. मी म्हटलं, माझ्या शपथेमुळं झालं. ती म्हणाली, "नाई आजी. माईक हातात आला तेव्हा मले शपथ आठवली आणि बरं वाटलं. कारण सापडलं ना." एवढं बोलून तोंड धुवायला गेली. तेव्हापासून एकच मनात फिरतं आहे. तेरा जण होते बाई. तेराच्या तेरा जणांच्या घरी माझ्यासारखी एक म्हातारी सकाळी डबा भरून बसली होती का?

नातीचं तोंड काचेवर दिसलं तेव्हा मला काय झालं तेही सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं. आधी आनंद झाला. शेजारी त्या पोराची आई बसली आहे हे माहीत असूनही. पोरीच्या केसांचा भांग सरळ आला आहे, हे मी पाहिलं.

हे लिहिताना आत्ताच समोरची दारात आली होती. "मावशी, काय लिहून राह्यली?"

"काई नाई, सामानाची यादी."

ती उंबऱ्यावर टेकली. "पोरीले फोन केला का? पुन्हा कधी जाते ते त्याईच्यात? या बारीनं विचारल ना?"

मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, "विचारल. येळ आली का विचारल."

तिनं मान हलवली आणि गेली. शपथेचं तिला सांगायचं तर तिचं दार इथून वीस पावलांवर आहे. तुमच्या सिरोंच्याला पत्र घेणारं कोणी नाही, ते मला माहीत होतं. म्हणूनच तुम्हाला लिहायला बसले.