तिसरं ताट

विंडवर्ड, कॅरिआकू बेट
ता. १४ मे २०२५

चि. केरलिसा हिला आजोबा सिल्व्हेनसचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? धाकट्या जोएलचा दमा? आणि तू? तुझं शेवटी विचारतोय, कारण आठ महिने झाले, तू फोन उचलत नाहीस.

गेल्या शनिवारी तुझ्या आजीच्या थडग्यावर दगड बसवला. ढोल वाजले, अर्धं गाव जेवून गेलं. रीतीप्रमाणे आतल्या खोलीत गेलेल्यांची ताटं वाढली. मक्याच्या पिठाचं घोटलेलं कुकू, ओली तूर, कोंबडी, सगळं अळणी. एक माझ्या बापाचं, एक तुझ्या आजीचं, इडेलाचं. हात थांबेना, तिसरं तुझं वाढलं. शेजारची युफिमिया डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, की अरे म्हाताऱ्या, जित्या पोरीला मेलेल्यांच्या पंगतीत बसवतोस, होड्या तासता तासता अक्कल पण तासून टाकलीस का? ताट उचललं, पण जिवाला घोर लागलाय. पोरी, आता तू अठराची होशील. खरं सांग, आम्ही तुझे कुणी उरलो का?

तुझा आजोबा

ब्रुकलिन
ता. २ जून २०२५

ती. आजोबांना केरलिसाचा सा. नमस्कार.

आईचा गुडघा तसाच, जोएल बरा. ताटाचं वाचून मी बाथरूमची कडी लावून रडले.

दहाव्या वर्षी इथे आले, तेव्हा वर्गातली मुलं विचारायची, केळ्यांच्या बोटीतून आलीस का. आरशासमोर बसून मी आपलं बेटावरचं बोलणं मोडलं, त्यांच्यासारखं बोलायला शिकले. मग गेल्या सप्टेंबरात तुम्हाला फोन केला, तर तुम्ही हसलात. युफिमियाबाईंना हाक मारून म्हणालात, की ये गं, न्यूयॉर्कच्या मडमेचा फोन आलाय. इथे मी बेटावरची, तिथे मडम. मग घरची कुणाची?

तुमची केरलिसा

विंडवर्ड
ता. २० जून २०२५

चि. केरलिसा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. माझं चुकलं, बाळ. त्या दिवशी हसलो ते घाबरून. आवाज तुझा असून मला ओळखू येईना, आणि ही आपलीच पोर आहे, असं सांगायला इडेला नव्हती. युफिमियाला हाक मारली ती थट्टेसाठी नव्हे. आवाज तुझाच आहे ना, हे ऐकून सांगायला मला दुसरं कुणीतरी हवं होतं.

ऑगस्टात सुट्टीला इकडे ये, असा हट्ट नाही. रविवारी दुपारी मात्र फोनजवळ बसेन. तुला येतं तसं बोल. एखादा शब्द कळला नाही तर पुन्हा विचारीन, दहादा विचारीन. आणि फोन नको वाटला तर दोन ओळी टाक, पण लवकर टाक.

तुझा आजोबा