यादीतल्या शेवटच्या तीन वस्तू

६ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं जाडजूड पाकीट सोमवारी मिळालं. मी बरी आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. हे पत्र मुद्दाम तू दातांच्या कवळ्या बनवतेस त्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर जावईबापूंनी आधी स्वतः वाचून मग तुला त्याचा गोषवारा सांगितला असता, आणि मला गोषवाऱ्यांची चीड आहे.

घर हलवताना मोडलेल्या सामानाच्या नुकसानभरपाईचा अर्ज पाकिटात आहे, त्यावर त्यांनी चिठ्ठी डकवलीय : ‘आई, तुम्ही या क्षेत्रातल्याच! जरा नजर टाका, तुमच्या अनुभवाचा आम्हाला फायदा होऊ द्या.’ एकतीस वर्षं मी विमा कंपनीसाठी लोकांचं फुटकं सामान तपासलं. गोदामांत, बंदरावर, परक्यांच्या दिवाणखान्यांत. याच गृहस्थांनी लग्नात आपल्या मामांना माझी ओळख ‘सासूबाई कुठल्याशा ऑफिसात असतात’ अशी करून दिली होती. असो. टाकली नजर.

आधी तुमच्या सामानवाल्यांबद्दल. बिनडोक लोक आहेत. गाद्या तळाशी घालू नयेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. यांनी त्या तळाशी तर घातल्याच, वर गळका कंटेनर शोधून काढला. डाग खालून वर चढलेत, म्हणजे पाणी नुसतं ठिबकलं नाही, साचून राहिलं. सामान पोचवताना पाहणीला आलेला त्यांचा माणूस तर त्याहून थोर. सोफ्याची टराटरा फाटलेली पाठ त्याने ‘किरकोळ चुरगळ’ अशी नोंदवलीय. चुरगळतो तो रुमाल! पण त्या दिवशीच्या पावतीवर खराब झालेले नऊ नग नोंदवलेत आणि खाली जावईबापूंच्या सहीशेजारी त्याचीही सही आहे, तेव्हा त्याला आता हात वर करता येणार नाहीत. चौथ्या ओळीत, काचेच्या भांड्यांपुढे, ‘खोकं कंपनीच्या कामगारांनी भरलं’ असं ठळक लिही. घरच्यांनी भरलेल्या खोक्यांतल्या फुटीचं ते काही देत नाहीत. तुमच्याकडे सामान बांधलं तेव्हा मी दिवसभर तिथेच स्टुलावर बसून होते, हवं तर माझं नाव घाल.

तर नऊ ओळी चोख आहेत.

दहा, अकरा, बारा या ओळी जावईबापूंच्या अक्षरात आहेत. ‘खोकी नंतर उघडल्यावर आढळलेलं नुकसान.’ आरशाचं कपाट, इस्त्री, जेवणाच्या टेबलाची खुर्ची. फोटोही त्यांनीच काढलेले दिसतात, कारण एका फोटोत त्यांचा अंगठा आलाय.

ठमे, आरशाचं कपाट बांधताना कामगारांनी त्याला दोन घोंगड्या गुंडाळल्या आणि लाकडी पेटीत खिळे ठोकून बंद केलं. ती पेटी धडधाकट पोचल्याचं पावतीवर लिहिलंय. प्रवासात आरसा फुटतो तो कोपऱ्यातून, नाहीतर आडवा. हा एका ठिकाणी फुटलाय आणि तिथून सगळ्या बाजूंना तडे गेलेत. फोटोत कपाटाचं दार जरासं उघडं आहे. आत तुझे कपडे हँगरला टांगलेत. प्रवासात फुटलेल्या कपाटात तू आधी कपडे लावलेस आणि मग तक्रार केलीस, असं मी समजायचं का?

इस्त्री सात नंबरच्या खोक्यात होती, डब्यांबरोबर. तिचं टोक चेपलंय, आणि फोटो भिंगाखाली धरला तर त्या खळग्यात काचेचा कण चमकतोय. जावईबापूंच्या म्हणण्याप्रमाणे भर समुद्रात ही इस्त्री सात नंबरच्या खोक्यातून बाहेर पडली, लाकडी पेटीचे खिळे उपसून आत शिरली, आरशावर आदळली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. गुणी इस्त्री आहे.

खुर्चीचा मागचा पाय तुटलाय तिथलं लाकूड पांढरंस्वच्छ आहे. महिनाभर दमट हवेत राहिलेलं लाकूड असं दिसत नाही.

खोटे अर्ज मी शेकड्यांनी पाहिले, पण इतका आळशी खोटेपणा क्वचितच. यातली एक ओळ जरी खोटी ठरली तरी खऱ्या नऊ ओळीही बुडतात, हे त्यांना ठाऊक नसावं. विमा तुझ्या नावावर आहे, सही तुझी लागणार. करू नकोस.

आणखी एक. ते कपाट तुला पहिली नोकरी लागली तेव्हा मीच मोजमाप देऊन करून घेतलं होतं. तू त्याच्यासमोर उभी राहिलीस की जिथे तुझा डावा कान दिसतो, तिथे तो फुटलाय.

मला लिही. फोनवर नको.

आई

२१ मार्च

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं. सहा ओळींचं. ‘सामानाच्या कटकटीने तो वैतागला होता, इस्त्री हातातून निसटली, मला काही लागलं नाही, तू उगाच काळजी करतेस.’ हातातून निसटलेली इस्त्री पायावर पडते, ठमे. कानाच्या उंचीने खोलीपलीकडे जात नाही.

परवा त्यांचा फोन आला होता. तू बाजारात गेली होतीस म्हणे. आवाजात नुसता मध.

“आई, एक छोटंसं काम होतं. सामान बांधताना तुम्ही होतात ना? मग त्या तीन वस्तू तेव्हा चांगल्या होत्या, एवढं लिहून द्या.”

“होत्याच चांगल्या. लिहून देते की.”

“वा! म्हणजे प्रवासातच मोडल्या असं आपोआप सिद्ध होतं.”

“नाही. तुमच्या घरात मोडल्या असं सिद्ध होतं. पेटी शाबूत पोचल्याची सही आहे पावतीवर. तुमचीच.”

मग म्हणाले, “तिने तुम्हाला काय सांगितलंय?”

वस्तू कशा मोडल्या, हे मी म्हटलंच नव्हतं. मी फक्त जागा सांगितली होती. या माणसाला साधं खोटंही धड बोलता येत नाही, आणि याला मी हुशार समजत होते. स्थळ आलं तेव्हा कपात चहा ओतून देताना त्याने माझ्या कपाखालची बशी पुसली होती. तेवढ्यावर मी भाळले. बशीवर! लोकांचे खुलासे ऐकून घेणारी म्हणून ऑफिसात माझी कधी ख्याती नव्हती. दावे नाकारायची म्हणून बरोबरचे मला ‘नाहीबाई’ म्हणायचे, ते तुला माहीत आहे.

आता जे लिहायचं ते गेले पंधरा दिवस टाळतेय. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तू मला ऑफिसात फोन केला होतास. म्हणालीस, “आई, तो वस्तू फेकतो.” माझ्यापुढे कुणाच्यातरी बुडालेल्या फ्रिजची फाइल होती. मी विचारलं, “वस्तूच ना? अंगावर तर नाही?” तू म्हणालीस, “नाही.” मी म्हटलं, “मग शांत हो, होतं असं सुरुवातीला,” आणि फाइलीत डोकं घातलं. नंतर तू पुन्हा कधी काही बोलली नाहीस. मी ते सगळं ठीक असल्याचं लक्षण मानलं. बंदरावरच्या हमालाला मी तेवढ्यावर सोडलं नसतं.

त्यांचा मला तिटकारा आहे. पण तो सोपा आहे. त्या बाईचा जास्त आहे, जिने फोन ठेवला.

जुळवून घे, असं मी कधी म्हटलं असेल तर ते मागे घेते. तुझ्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई, ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे असं तू मागे लिहिलं होतंस, त्यांना विचार. आजच विचार. मी तिकीट काढलंय, दोन तारखेला पोचते. येऊ का म्हणून विचारत नाहीये.

तुझी,
आई

९ एप्रिल

श्री. जावई यांस,

पत्र तुमच्याच गावातून लिहितेय, तरी टपालाने पाठवतेय. तुमच्या दाराची घंटा वाजवायची माझी इच्छा नाही.

तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलाय की सासूने मुलीचे कान भरले. इतकं श्रेय मला देऊ नका. मी पोचायच्या तीन दिवस आधीच, सकाळी तुम्ही न्याहारी करत असताना, तिने तुमच्यासमोर अर्ज उघडला, शेवटच्या तीन ओळींवर पट्टी धरून काट मारली आणि खाली सही केली. तुम्ही म्हणालात, “डोकं फिरलंय का?” ती म्हणाली, “हे तू मोडलंयस. कंपनीने नाही.” मग डबा भरला, नेहमीच्या वेळेला कामावर गेली आणि परत आली नाही. हे तिनेच मला सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी ती एका म्हाताऱ्याची कवळी पूर्ण करून आली.

तुम्ही प्रयोगशाळेतल्या तिच्या साहेबांना फोन करून ‘बायको मानसिकदृष्ट्या अस्थिर आहे’ असं सांगितलंत, तेही कळलं. त्यांनी तो फोन तारीख-वेळेसह टिपून ठेवलाय. तिने नेमलेल्या वकीलबाईंना तो कागद फार आवडला. तुम्ही असेच फोन करत राहा.

नऊ नगांचा दावा मंजूर झाला. तो तिचा आहे. त्याची चौकशी करू नये.

शनिवारी सकाळी दहा वाजता तिचं सामान न्यायला टेम्पो येईल. यादी सोबत जोडलीय, वकीलबाईंनी तपासलेली. मी दारात उभी राहून एकेक नग मोजून घेईन. ती येणार नाही. तुम्ही घरी नसलात तर उत्तम, असलात तरी माझी काही हरकत नाही. माझं आयुष्य तुमच्यासारख्यांच्या दारात उभं राहण्यात गेलंय. ओरडणारे पाहिलेत, रडणारे पाहिलेत, बशी पुसून देणारेही. चहा मात्र विचारू नका.

इतके दिवस पत्राखाली ‘तुमची सासू’ लिहायची सवय होती. हात तिकडे वळला होता, आवरला.

आता तुमची कुणीही नसलेली,
तिची आई