टपोरी कणसं

मुलींचं वसतिगृह, जालना
सप्टेंबर २००३

प्रिय मच्छिंद्रदादा,

पत्र बघून आई म्हणेल, "पोरगी आजारी पडली का काय?" तिला सांग, मी बिलकुल ठणठणीत आहे. फक्त कालपासून डोकं जाग्यावर नाही.

इथे तुझ्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम आलाय. हो, तोच विषय, ज्याच्यात सारखा नापास होऊन तू इंजिनिअरिंग सोडलंस आणि कुंभार पिंपळगावला शेतीत परतलास. मी हसतच बसले. म्हटलं, दादापुढे सर थकले, हे खोकं काय दिवे लावणार!

पडद्यावर ज्वारीचं शेत आलं. खाली लिहिलं होतं, कुठलीही दहा कणसं उचल आणि त्यावरून सगळ्या शेतात ज्वारी किती निघेल, तो उतारा सांग. मी सांगितला, चुकला. पुन्हा सांगितला, पुन्हा चुकला, आणि दरवेळी जास्तच निघाला. सरांनी लाल फुली मारली असती. या पठ्ठ्यानं मारली नाही. त्यानं विचारलं, तुझी आकडेमोड बरोबर आहे, पण कणसं कशी निवडलीस? चांगली दिसली म्हणून?

दादा, अंगावर काटा आला रे! मी टपोरीच उचलली होती. मळणीआधी आई आपल्याला खळ्यावर बियाण्याची कणसं निवडायला बसवायची, "किडकं घेतलं तर पुढच्या साली काय पेरता?" म्हणायची. हाताला तीच सवय. इथे मात्र खुजी, किडकी, सगळी यायला हवीत, तरच शेत कसं आहे ते कळतं. आणि हे त्या निर्जीव वस्तूनं ओळखलं!

मग तुझं प्रात्यक्षिक आठवलं. नमुना म्हणून तू घरून पिशवीभर कणसं नेल्तीस, एकेक पारखून. सरांनी शून्य दिलं. घरी येऊन तू म्हणालास, "बेबे, माझं डोकंच न्हाई ह्या कामाचं." ते तू आजही खरं मानतोस, आणि मला ते सहन होत नाही.

तुझं डोकं शाबूत आहे. कशी निवडलीस, एवढं तुला कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र. मी ऑफिसात चौकशी केली. तुझा हा एकच विषय राहिलाय, आणि हिवाळी परीक्षा ही शेवटची संधी आहे. सर रविवारी कॉम्प्युटरची खोली उघडून देतो म्हणालेत. बियाणं यंदा आई निवडेल. तू डोळे झाकून कणसं उचलायला ये.

तुझीच,
बेबीनंदा