माझ्या पावलाचं माप

१८ जानेवारी १९५४, दुबलगुंडी

पोचलो बुवा! हुमनाबादपासून मोटारीने हाडं खिळखिळी केली, पण गाव पाहून जीव हरखला. गुंडेरावांचा विनोदी बोलपट इथेच होणार. कुठली कंपनी नाही की स्टुडिओ नाही. लिहिणारे, काढणारे, नायक सगळं गुंडेरावच, आणि मी प्राणेश, त्यांचा एकुलता एक सहायक. ते कॅमेरा घेऊन एक फेब्रुवारीला येतील. तोवर जागा, माणसं, सामान मी सज्ज ठेवायचं. जमलं तर पडद्यावर नाव, नाहीतर परत तहसिलीतली कारकुनी. छे, नको ती!

उतरलोय हावगेप्पांकडे. म्हातारा मराठीत सुरू होतो आणि कन्नडात पोचतो. त्यांच्या पत्नी सिद्धव्वांनी हुरडा इतका खाऊ घातला की उठवेना.

२० जानेवारी

पारावर गोष्ट वाचून दाखवली. मेव्हण्यांचा मार चुकवायला नायक मेल्याचं सोंग घेतो. लिंगायतांच्या रीतीने त्याला सजवून, बसवून, वाजतगाजत नेतात आणि खड्ड्यात उतरवताना त्याला शिंक येते! हावगेप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. खड्ड्यासाठी आपल्या शेतातली बांधालगतची जागा त्यांनी आपणहून दिली.

२१ जानेवारी

खणणारा निंगप्पा विचारू लागला, माप कुणाच्या पायाचं? इथे म्हणे खड्डा मेलेल्याच्याच पावलाने मोजतात, टाच ते अंगठा, अशी नऊ पावलं खोल. गुंडेराव हैदराबादेत. आमच्या धंद्यात नायक नसला की त्याच्या जागी सहायकाने उभं राहायचं. काढला बूट, दिला पाय. निंगप्पाने दोरी लावली.

हावगेप्पा धावत आले. “कामून पाय दिलाव तुम्ही? ज्याचं माप त्याचाच खड्डा. रिकामा ऱ्हात न्हाई त्यो!” आमची समजूत होती, नुसतं कुदळीनं अंदाजे खणाल, म्हणाले. उद्याच्या मोटारीने निघा, आम्ही कुदळ लावतच नाही. मी खो खो हसलो. हा प्रसंग गेला तर बोलपटात उरतं काय?

२४ जानेवारी

दिलेला शब्द म्हणून हावगेप्पांनी अडवलं नाही; खड्डा झाला. शिडीने उतरून पाहिला. झकास! निंगप्पा मात्र मातीची शेवटची पाटी टाकून माझ्याकडे न बघता गेला.

२५ जानेवारी

आज खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा. माणूस मांडी घालून बसेल एवढा, आत खोल गेलेला. वरून दिसतही नाही. खऱ्या समाधीला असाच असतो म्हणे. मी सांगितला नव्हता. निंगप्पा शपथ घेऊन म्हणतो, “म्या न्हाई केलो.” मग कुणी केला? मला पळवून लावायचा डाव आहे. हावगेप्पांवर डोळा ठेवायला हवा.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. पेढा देताना प्रत्येकजण माझ्या पायांकडे बघत होता. सिद्धव्वा सारखं विचारतात, काय खावंसं वाटतंय, सांगा. इतकी माया कशासाठी?

२७ जानेवारी

सकाळी उठलो तर तळवे तांबड्या मातीने माखलेले. काल धुऊन झोपलो होतो.

चहात काहीतरी घालतात. नक्की.

२८ जानेवारी

चहा बंद. जेवण बंद. दाराला आतून कडी, कडीला पंचा बांधला.

सकाळी पंचा तसाच. कडी तशीच. पाय तांबडे.

खिडकी! खिडकीला गज नाहीत — म्हणजे कुणी आत येत असेल. की —

२९ जानेवारी

नखांत माती. अंथरुणाखाली खुरपं. तळहाताला फोड.

निंगप्पा खरं बोलत होता. उगाच त्या बिचाऱ्यावर — कोनाडा मीच —

मला भीती वाटते. माझीच.

३० जानेवारी

हावगेप्पांचे पाय धरले. उद्या पहाटेच्या मोटारीने जातो. गेला बोलपट खड्ड्यात, म्हणालो, आणि जीभ चावली. त्यांनी पाठीवर हात फिरवला. तुमची मोटार वेशीबाहेर गेली की मीठ, विभूती टाकून लगेच बुजवतो, म्हणाले. सिद्धव्वांनी भाकऱ्या बांधल्या, रडल्या. मी या लोकांचा संशय घेतला!

३१ जानेवारी

मोटारीत बसलो होतो. नक्की बसलो होतो. तिकीट हातात आहे. हावगेप्पांनी हात हलवला, तेही आठवतं. मग वेशीपुढे डोळा लागला —

मांडी घातलेली आहे. पाठ मातीला. कोनाडा अगदी बेताचा, कुठे टोचत नाही. डायरी मांडीवर. हात तेवढा चालतो. पाय सुटत नाहीत. ओरडतो आहे, पण तोंडच उघडत —

वर माणसं आली. हावगेप्पांचा आवाज. वाकून बघा की — नुसतं वरून नको, आत —

निंगप्पा म्हणाला, रिकामाच हाय.

मिठाचे खडे पडताहेत.

सिद्धव्वा म्हणतात, सुटलं बाई लेकरू, पोचलं बी असंल घराकडं —

सिद्धव्वा, मी इथं —

पहिली पाटी. उजेड कमी —

अहो, मी