सपाट चमचा

मंगळवार, नोव्हेंबर १९९४
उम्म अल हस्सम

शेजारची अमेरिकन बाई बहारीन सोडताना एक जुनं पाककृतींचं पुस्तक देऊन गेली. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडच्या कुणा बाईने लिहिलेलं. तिचा एकच हट्ट, चमचा सुरीने सपाट करूनच माप घ्यायचं. मला हसूच आलं. आमचं सगळं अंदाजाने.

आज संध्याकाळी आमटीसाठी गोड्या मसाल्याचा चमचा नेहमीसारखा शिगोशीग भरून ओट्यावर ठेवला आणि फोन घ्यायला गेले. परत आले तर चमचा सपाट. शेजारी सुरी, पात्याला मसाला लागलेला. घरात मी एकटीच. सुरी मीच काढली होती का? आठवत नाही. तोच चमचा आमटीत घातला.

हे शिफ्टवरून येऊन जेवायला बसले. पहिल्या घासाला थांबले. म्हणाले, "छान झालीय. आज कुणी केली?"