न जुळणाऱ्या पट्ट्या

४ जुलै

ती. मामास भाचीचा सा. न. वि. वि.

मी शिकवते त्या सातवीत भूमितीचा तास म्हणजे जांभयांचा तास. म्हणून मी एक खेळ काढलाय. पिशवीतून न बघता तीन लाकडी पट्ट्या काढायच्या. त्रिकोण जुळला तर सोंगटी पुढे, नाहीतर तिथेच. पुढच्या शुक्रवारी मोठ्या बाई माझा तास बघायला वर्गात बसणार आहेत. खेळ फसला तर पुन्हा खडू-फळा. पट आणि पट्ट्या तुझ्याच हातच्या हव्यात, मापं सोबत आहेत. लोभ आहेच, तो पार्सलात घालून पाठव.

तुझी भांडकुदळ

१० जुलै

चि. भांडकुदळीस अनेक आशीर्वाद.

पट रंगवून पट्ट्यांसकट वेगळ्या पार्सलाने धाडलाय. आधी खेळून पाहिला. मामी सारखी अडकली आणि माझ्यावरच डाफरली. काही लांबड्या पट्ट्या कशाशी जुळतच नाहीत. तुझ्या मापांत घोळ दिसतो, म्हणून कापून बेताच्या केल्या. आता कुठल्याही तीन उचल, त्रिकोण होणारच. कुणाचं पोर रडायला नको. मामाची आठवण ठेव.

१६ जुलै

ती. मामास, रागारागाने सा. न. वि. वि.

तुझं पत्र पार्सलाच्या मागून आलं. शुक्रवारी सगळ्यांचे त्रिकोण जुळत गेले, सगळ्यांच्या सोंगट्या एकदमच घरात. मोठ्या बाई घड्याळ बघायला लागल्या, माझं तोंड उतरलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची, आजवर तोंड न उघडलेली मुलगी उठली आणि म्हणाली, की इथे कुणी हरतच नाही, मग खेळायचं कशाला? तिने न जुळणारी पट्टी मागितली. मग काय, सगळा वर्ग पुठ्ठे कापायला बसला. दोन पट्ट्या मिळून भरतात तेवढी किंवा त्याहून लांब तिसरी असली की त्रिकोण होतच नाही, हे पोरांनीच शोधलं. मोठ्या बाई स्वतः खेळल्या, सपशेल हरल्या आणि दर शुक्रवारी हाच तास ठेवा म्हणाल्या.

लांबड्या पट्ट्या पाठव. राग गेलाय, लोभ तेवढा शिल्लक आहे.

२२ जुलै

चि. भांडकुदळीस आशीर्वाद.

पट्ट्या पाठवतोय. मापांत घोळ नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण लहानपणी हरलीस की तू पट उधळायचीस आणि जेवायची नाहीस. तेव्हापासून माझ्या हाताला तुझ्यापुढे मुद्दाम हरायचीच सवय. सुट्टीत ये, आता खरं खेळेन.

२८ जुलै

ती. मामास सा. न. वि. वि.

म्हणजे मी एकदाही खरी जिंकले नव्हते? कालपासून हसतेय आणि मधूनच डोळे पुसतेय. सुट्टी लागली की येते. पट मांडून ठेव. उधळणार नाही याची हमी देत नाही, पण हरले तरी या वेळी जेवेन.

तुझीच